वॉर्सातील वीस मिनिटे

परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला एक ख्रिस्ती माणूस पोलंडमधील राष्ट्रवादी तरुणांच्या परिषदेत भाषण करून आला, ही वार्ता आमच्या ओळखीच्या धर्मग्रामांत पोहोचली तेव्हा काहींना तिचा अभिमान वाटला आणि काहींना हसू आले. एका फादरांनी तर, 'आपण तेथे आपल्या लोकांची गाऱ्हाणी चांगली मांडली असतील,' असे लिहून माझे अभिनंदनही केले. मी गाऱ्हाणी मांडायला गेलो नव्हतो; परंतु मला बोलावणे आले होते ते मात्र गाऱ्हाण्यांसाठीच. तेथे काय घडले ते एकदा नीट लिहून ठेवावे, असे तेव्हापासून मनात होते.

परळीचे नाव महाराष्ट्रात दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक वैजनाथाचे ज्योतिर्लिंग आणि दुसरे 'थर्मल'. मी १९८३ साली थर्मलमुळे येथे आलो. माझे मूळ गाव श्रीरामपूर तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आईच्या कडेवर बसून गेलेल्या पिढीतला मी. परळीत ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. फादर येतील तेव्हा मिस्सा, न येतील तेव्हा कोणा एकाच्या घरी जपमाळ, असे आमचे धार्मिक जीवन. महाशिवरात्रीच्या दिवसांत आमच्याकडे पाहुणे उतरत ते वैजनाथाच्या दर्शनाला आलेल्या सहकाऱ्यांचे नातेवाईक; आणि नाताळात आमच्या घरच्या करंज्या वसाहतीच्या तीन इमारतींत जात. हे सांगतो ते गोड चित्र रंगवण्यासाठी नव्हे. याच वसाहतीबाहेर घर भाड्याने पाहताना 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाचा दुसरा अर्थही मला चांगला कळत असे.

माझा मुलगा संगणकाच्या व्यवसायात असून काही वर्षांपासून वॉर्सा शहरात राहतो. २०२३च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. त्याच्या घराजवळच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा पोलिश भाषेत. शब्द कळत नसत, पण मिस्सा कळत असे. 'आमेन' कोठे येणार हे ठाऊक असले की माणूस परका राहत नाही. गायनवृंदातील चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण दर रविवारी माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. पोलिश लोक पुरुषाला आदराने 'पान' म्हणतात, याची मला पहिल्या दिवशी फार गंमत वाटली होती. स्वभावाने अतिशय आर्जवी, म्हाताऱ्यांना हात देऊन पायऱ्या उतरवणारा असा तो मुलगा. त्याने एक दिवस विचारले, '१० नोव्हेंबरला आमच्या तरुणांची परिषद आहे. हंगेरीहून आणि इटलीहूनही मुले येणार आहेत. आपण भारतातील ख्रिस्ती जनांविषयी वीस मिनिटे बोलाल का?' मी हो म्हटले. कोणाची परिषद, हे मला ठाऊक नव्हते असे नव्हे. त्याच्या कोटावरचा बिल्ला मी पाहिला होता आणि मुलाने त्याचा अर्थ मला सांगितला होता. त्या संघटनेचे नाव येथे देत नाही. तिच्यासारख्या संघटना युरोपात अनेक आहेत आणि माझे म्हणणे त्या एकीपुरते नाही.

दोन दिवसांनी कार्यक्रमपत्रिका हाती आली. माझ्या नावापुढे विषय छापला होता त्याचा अर्थ असा, की हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या तावडीत सापडलेली ख्रिस्तसभा. मुलाने ते वाचून पत्रिका टेबलावर टाकली. 'पपा, तुम्हाला समजतंय का? १० तारखेला तुम्ही त्यांच्या मंचावर बसणार आणि ११ तारखेला त्यांच्याच मोर्च्यामुळे आपल्याला घरात बसावं लागणार.'

याचा खुलासा केला पाहिजे. ११ नोव्हेंबर हा पोलंडचा स्वातंत्र्यदिन. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी हा देश पुरता वाटून घेतला आणि एकशेतेवीस वर्षांहून अधिक काळ तो नकाशावर नव्हता. १९१८ साली तो पुन्हा उभा राहिला. या दिवशी वॉर्सात राष्ट्रवादी संघटना मोठा मोर्चा काढतात. २०१७ साली त्या मोर्च्याचे घोषवाक्य 'आम्हाला देव हवा' हे होते आणि त्याच मोर्च्यात काहींच्या हाती गोऱ्या युरोपाची मागणी करणारे फलकही होते. त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांचा निषेध केला. मोर्च्यातील सारे लोक तसे नसतात. पण तेथे राहणारी आपली मुले त्या दिवशी शहराच्या मध्यभागी जाणे टाळतात. वसतिगृहातील मुले एकमेकांना तसे निरोपही पाठवतात.

मी जाऊ नये असे मुलाचे म्हणणे होते. पत्नीचे म्हणणे, शब्द दिला आहे तर जावे, पण पोटभर जेवून जावे. मला दोन रात्री झोप लागली नाही. अडचण अशी होती की सांगण्यासारखी दुःखे माझ्यापाशी होती आणि ती खरी होती. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन कोवळी मुले गाडीत जाळली गेली. २००८ साली कंधमाळमध्ये घरे आणि चर्चे जळाली. जेझुइट फादर स्टॅन स्वामी २०२१च्या जुलैत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईतील रुग्णालयात वारले. आणखी एक घरचे दुःख सांगता आले असते. माझे आजोबा गावकुसाबाहेर राहत होते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या, १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र अद्याप नाहीत, जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाने घातलेली वेसही धुऊन निघाली. हे सारे खरे आहे. परंतु खरी गोष्ट कोणाच्या हाती दिली म्हणजे तिचे काय होते, याचाही विचार माणसाला करावा लागतो. घरातले भांडण चावडीवर न्यावे की नाही, हा प्रश्न वेगळा. ते चावडीवर नेऊन दुसऱ्याच कोणाच्या घराला आग लावायला द्यावे का, हा वेगळा.

युरोपच्या व्यासपीठावर उभे राहून आपल्या देशाविषयी बोलणारा मी काही पहिला नव्हे. १९०७ साली मादाम कामांनी श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकावला, हे आपण शाळेत शिकलो. आपल्या समाजातील काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचे स्मरण मात्र आपण फारसे करीत नाही. माझगावचे हे ईस्ट इंडियन बॅरिस्टर, १९१६ साली टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. स्वराज्याची बाजू मांडायला १९१७ साली ते इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या मंडळींना त्यांनी ती पटवून दिली. मुंबईच्या महापौरपदापर्यंत पोहोचलेल्या या कॅथोलिक माणसाला लोक 'काका' म्हणत, यातच सारे आले. राष्ट्रवाद ही तेव्हा दुबळ्यांची भाषा होती. मॅझिनीने १८३४ साली बर्न येथे 'तरुण युरोप' स्थापन केला तेव्हा तरुण इटली आणि तरुण जर्मनीबरोबर तरुण पोलंडही त्यात होता. त्याच मॅझिनीचे चरित्र १९०७ साली सावरकरांनी मराठीत आणले. म्हणजे पोलंडचा तरुण आणि नाशिकचा तरुण एकाच विहिरीचे पाणी प्यालेले. मग ते पाणी पुढे कोठे कडू झाले? मला वाटते, ज्याच्यावर राज्य केले जात होते तो बहुसंख्य होऊन बसला आणि आपल्याच अंगणातील माणसांची मोजणी करू लागला तेथे.

परिषद एका जुन्या इमारतीच्या तळघरातील सभागृहात होती. दीडेकशे मुले असतील, मुलीही पुष्कळ. पांढरे-तांबडे ध्वज, पोप जॉन पॉल दुसरे यांचे चित्र आणि शेजारी रोमान द्मोव्स्की या त्यांच्या जुन्या राष्ट्रवादी नेत्याचे चित्र. आरंभी सारे उठले आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना झाली. मीही ती मराठीत मनाशी म्हटली. वातावरण उग्र नव्हते हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मुले नीटनेटकी होती, वडीलधाऱ्यांना खुर्ची देत होती. आमच्याकडच्या युवक शिबिरांहून फारसा फरक नव्हता. फक्त बोलण्यात सरहद्द हा शब्द फार वेळा येत होता. दुभाषी कानातल्या यंत्रातून इंग्रजी सांगत होता. एक वक्ता घटलेल्या जन्मदराविषयी बोलला, एक ब्रुसेल्सच्या कायद्यांविषयी. बाहेरून येणाऱ्या माणसांचा उल्लेख प्रत्येकाने पाण्यासारखा केला: लाट, लोंढा, पूर. दुष्काळी मुलखातून आलेल्या मला ते कानाला खटकत होते. २०१३ साली पाण्याअभावी आमचे केंद्र बंद पडले तेव्हा पाण्यासाठी आम्ही देवाला आळवीत होतो.

द्मोव्स्कींच्या चित्राकडे पाहताना मला ठाऊक असलेली एक गोष्ट आठवली. १९३७ साली याच देशाच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसण्याची सक्ती झाली. त्यासाठी राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी मोठी चळवळ केली होती. अनेक ज्यू मुलांनी बसण्यापेक्षा तासभर उभे राहणे पत्करले आणि काही पोलिश प्राध्यापकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. हे सभेत बोलून दाखवावे असा मोह झाला होता. पण पाहुण्याने यजमानाच्या घरातील जुनी भांडी वाजवू नयेत, म्हणून मी गप्प बसलो. माझ्या घराची भांडी मी नेली होतीच.

मी म्हणालो, 'छापलेला विषय माझा नाही, तरी त्याला बगल देणार नाही.' मनोहरपूर, कंधमाळ आणि फादर स्टॅन स्वामी यांची हकिगत मी थोडक्या वाक्यांत सांगितली, कारण लपवणे हेही खोटेच. सभागृह अगदी शांत झाले. मग म्हणालो, 'स्टेन्स यांच्या हत्येचा आमच्या राष्ट्रपतींनी तीव्र शब्दांत निषेध केला आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत बहुसंख्य हिंदूच होते. आम्ही कोणाच्या तावडीत नाही. आमचे भांडण एका मापाशी आहे.' ते माप कोणते हे सांगताना मी सावरकरांच्या १९२३ सालच्या व्याख्येचा आधार घेतला. ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही हिंदुस्थानात तो हिंदू, असे ती व्याख्या म्हणते. माझी पितृभू गोदावरीचे खोरे, याविषयी कोणाचा वाद नाही. पण माझी पुण्यभू बेथलेहेम आणि जेरुसलेम, म्हणून माझ्या निष्ठेविषयी शंका. 'आता हेच माप आपण येथे लावू,' मी म्हटले, 'बेथलेहेम विस्तुला नदीच्या काठी नाही. मग या सभागृहात पोलंडचा माणूस कोण उरतो?'

दुभाषी मुलगी क्षणभर थांबली. तिने ते वाक्य पोलिशमध्ये सांगितले तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि लगेच थांबले.

पुढे मी वळिवड्याची हकिगत सांगितली. सभेतील फार थोड्यांना ती ठाऊक होती, याचे मला नवल वाटले. १९४० आणि १९४१ साली सोविएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१च्या करारानंतर त्यांतील जी सुटली ती इराणमार्गे बाहेर पडली. काही मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे ठेवून घेतले; आणि १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पंचगंगेच्या बाजूला सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुले. बराकींच्या रांगा, चर्च, शाळा, बालवीरांची पथके, नाटके. ख्रिस्ती जगाच्या एका कोपऱ्याने उसाच्या रानात संसार मांडला. खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकार करीत असे, हेही मी सांगितले. न केलेल्या दातृत्वाचे श्रेय घेणे बरे नव्हे. आपण दिली ती जागा आणि शेजार. १९४८पर्यंत ते लोक तेथे राहिले. मी म्हटले, 'त्या वेळी माझा देश परतंत्र होता, दुष्काळी होता. बंगालात त्याच १९४३ साली लाखो माणसे उपासमारीने मरत होती. पाच हजार परक्या तोंडांना आमच्याकडे जागा नाही असे कोणी म्हटले असते, तर त्याला हिशेब दाखवता आला असता.'

शेवटी त्यांच्याच पोपमहाशयांचे नाव घेतले. ५ ऑक्टोबर १९९५ रोजी संयुक्त राष्ट्रांपुढे बोलताना जॉन पॉल दुसरे यांनी देशप्रेम आणि दुसऱ्यांचा तिरस्कार शिकवणारा राष्ट्रवाद यांत स्पष्ट भेद केला होता. तोच भेद पोलंडच्या महागुरुस्वामींनी २०१७ साली देशभक्तीविषयीच्या आपल्या पत्रकात पुन्हा मांडला. फ्रान्समध्ये 'अॅक्सियाँ फ्राँसेज' या चळवळीने ख्रिस्तसभेचे नाव राष्ट्राच्या कामी लावले, तेव्हा पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली तिचा निषेध केला. तिचा पुढारी मोरास हा स्वतः अश्रद्ध होता. त्याला ख्रिस्तसभा हवी होती, ख्रिस्ताशी त्याला कर्तव्य नव्हते. हे शेवटचे मी बोलण्याच्या आत घंटा झाली, म्हणून ते येथे लिहितो.

प्रश्न दोनच आले. दोन्ही चांगले होते. एका मुलाने विचारले, 'आमची माणसे तुमच्याकडे राहिली ती परत जाण्यासाठी. आता येणारे परत जात नाहीत.' मी म्हटले, 'तुमचीही पुष्कळशी परत गेली नाहीत. त्यांची गावे युद्धानंतर सोविएत संघात गेली होती. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला. तेथेही त्यांच्याविषयी कोणी हेच विचारले असेल.' त्याचे समाधान झाले नाही हे दिसत होते. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. कोणत्याही देशाला किती माणसे सामावता येतील याला काही मर्यादा असतेच. २०२२ साली याच देशाने लाखो युक्रेनी माणसांना घरांत घेतले, हेही मी विसरलो नव्हतो, आणि ते त्याला बोलून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा थोडा निवळला.

दुसरा प्रश्न मला बोलावणाऱ्या तरुणाचाच होता. 'पण पान, आपण तर आमचेच. आपण ख्रिस्ती. आम्ही बोलतो ते मुसलमानांविषयी.'

त्याला मी बॉयलर विभागातील माझ्या मुसलमान सहकाऱ्याविषयी सांगितले. रात्रपाळीत नळी फुटून वाफेने मी होरपळलो असतो, तेव्हा मला मागे ओढणारा हात त्याचा होता. त्याच्या दंडावर तो डाग अजून आहे. आणि मग विचारले, 'उद्या तुमच्या मोर्च्याच्या वाटेवरून मी एकटा चालत गेलो तर चालेल का? माझ्या कपाळावर क्रूस कोरलेला नाही. लोकांना आधी दिसते ती कातडी.'

तो काही बोलला नाही. अध्यक्षांनी आभार मानले, मला एक दिनदर्शिका भेट दिली आणि चहाची वेळ झाली. चहाच्या वेळी चार-पाच मुले जवळ आली. एका मुलीने वळिवड्याचे नाव वहीत लिहून घेतले. 'ळ' तिला म्हणता येईना. बाकीची मुले आपसांत बोलत राहिली. माझ्या भाषणाने तेथे काही पालटले, असा माझा दावा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या चर्चमध्ये मिस्सेला गेलो. ११ नोव्हेंबर हा टूर्सच्या संत मार्टिनचाही सण. वेशीजवळ कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा देणारा हा शिपाई जन्माने आजच्या हंगेरीतला आणि संत झाला तो फ्रान्सचा. प्रवचनात त्याचे नाव दोनदा ऐकू आले. अधिक काही समजले नाही. दुपारी आम्ही मुलाच्या सांगण्यावरून घरीच थांबलो आणि मोर्चा दूरचित्रवाणीवर पाहिला. पुलावरून तांबडा धूर उठत होता. त्या गर्दीत लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप होते, जपमाळ धरलेल्या आजीबाई होत्या. त्यांच्याकडे पाहून माझी पत्नी म्हणाली, 'अगदी आपल्या हरेगावच्या बायांसारख्या आहेत.' आणि मग थोड्या वेळाने, 'भाजी आणायला आज जायचं नाही ना?'

फेब्रुवारीत त्या तरुणाचे पत्र आले. वळिवडे कोठे आहे, तेथे काही शिल्लक आहे का, असे त्याने विचारले होते. त्याच्या आजीच्या गावच्या काही बायका तिकडे गेल्या होत्या असे त्याला घरात चौकशी करताना कळले होते. मे महिन्यात एका लग्नानिमित्त मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा महावीर उद्यानातील पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ पाहिला आणि वळिवड्यालाही जाऊन आलो. पोलिश माणसे गेल्यावर त्या बराकींत फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. एका वयस्क दुकानदाराने मला आत बसवून घेतले, पाणी दिले आणि वडिलांना येथे मिळालेल्या बराकीची जागा हाताने दाखवली. तेथे आता गोदाम आहे. मी त्याचे छायाचित्र काढून वॉर्साला धाडले.

२०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, त्या दिवशी त्या तरुणाचे दुसरे पत्र आले. ते स्मारक आपल्या रोजच्या वाटेपासून फार दूर नाही आणि आजवर आपण ते कधी पाहिले नव्हते, असे त्याने लिहिले होते. संघटनेत तो अजून आहे. भारतात यायचे झाल्यास वळिवड्याला कसे जावे, हे त्याने विचारले आहे. मी त्याला कळवले, की आधी परळीला उतर, आमच्याकडे दोन दिवस राहा. परळीहून मिरजेला रेल्वे आहे आणि पुढचा रस्ता मी दाखवीन.